सहा दिवस की कोट्यवधी वर्षं?

भाची बीएस्सीला आहे, दर रविवारी चर्चला जाते. बायबलचं पहिलं पुस्तक 'उत्पत्ती' सांगतं, देवानं सहा दिवसांत जग घडवलं. ते शब्दशः धरायचं, की उत्क्रांती हीच देवाची रीत मानायची, यावर तिचं घोडं अडलंय.

पुरावा आधी. शब्दशः वाचणारे पृथ्वीला सहा ते दहा हजार वर्षं देतात. खडकांतल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून केलेली वयाची मोजणी सुमारे 454 कोटी वर्षं सांगते, म्हणजे त्यांना अख्खं भूविज्ञानच नाकारावं लागतं.

मजकुराशी निष्ठा? तिथंही सरळ काही नाही. सूर्य निर्माण होतो चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन दिवसांच्या संध्याकाळी कसल्या? ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनला हा पेच डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी पडला होता.

उत्क्रांतीवाल्यांचं घोंगडं बायबलमधल्याच रोमकरांस पत्र 5:12 मध्ये अडकतं. मरण पापामुळे आलं, तर आदामाआधीचे, म्हणजे पहिल्या माणसाच्या पापाआधीचे, डायनोसॉर मेले कसे? 'ते आध्यात्मिक मरण' हे उत्तर मला पटतं, पण जरा ताणलेलंच. कॅथलिकांना निदान पोपच्या 1950 च्या पत्रानं उत्क्रांतीवर चर्चा करायची मुभा दिली.

शब्द न् शब्द खरा मानण्यावरच श्रद्धा उभी असेल, तर पहिली वाट. जीवशास्त्र शिकायचं असेल, तर दुसरी. भाचीला दुसरीच सुचवली, रोमकरांस पत्राचं पान दुमडून.