चाळिशीत दातांना तारा: सोळा महिन्यांचा हिशेब

माझे दात लहानपणी सरळ होते. 39व्या वर्षी वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली आणि 42पर्यंत तिच्यातून काडेपेटीतली काडी सहज जाईल इतकी वाढली. सासूबाई म्हणाल्या, फटीचे दात भाग्याचे. असेल बाई, पण एक दात थोडा खालीही उतरला होता आणि फोटोत मी ओठ मिटून हसायला लागले होते.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले, तिथे दहा मिनिटांत खर्चाचा कागद हातात पडला. आरसा घालून दात पाहिले, मोबाइलवर इतरांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले आणि ‘आजच माप घेऊ, या महिन्यात सूट आहे’ म्हणाले. एक्स-रे नाही. ब्रश करताना रक्त येतं हे मीच सांगितलं, तर उत्तर आलं, ‘मऊ ब्रश घ्या.’ सूट सोडून घरी आले. शहाणपण वगैरे काही नव्हतं, पर्समध्ये तेवढे पैसे नव्हते.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तारांचा विषयच काढला नाही. आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे म्हणजे ओपीजी काढायला लावला. मग बारीक खुणा असलेली सळई घेऊन एकेका दाताभोवती हिरडीची खोली, म्हणजे हिरडी दातापासून किती सुटली आहे ते, मोजली. त्या आकडे सांगत होत्या, शेजारची मुलगी लिहून घेत होती: दोन, तीन, दोन, पाच, तीन, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं हे नंतर कळलं, पण पाच-सहा म्हणताना मॅडमचा आवाज खाली यायचा, तेव्हाच पोटात गोळा आला.

फट पडली होती ती हाड झिजल्यामुळे. वर्षानुवर्षं हिरड्यांखाली कीटण साठलं, आतलं हाड झिजलं, आधार कमी झाला आणि चावण्याच्या दाबानेच पुढचे दात पसरले. मॅडमनी एक्स-रेवर पेन्सिलीने दाखवलं. दात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तार दाब देते, तेव्हा दाबाच्या बाजूचं हाड पेशी कुरतडतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, त्याहून घाई नाही. पण हिरड्या सुजलेल्या असताना हेच काम सुरू केलं, तर कुरतडणं जोरात होतं आणि भरणं मागे राहतं. त्या दहा मिनिटांच्या कागदावर मी सही केली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही मधूनच येतो.

म्हणून तारांआधी तीन महिने फक्त हिरड्या. चार खेपांत, एकेक भाग बधिर करून खोल सफाई. ‘सफाईने दात ढिले होतात’ असं आईने बजावलं होतं. दोन दिवस तसं वाटलंही, कारण इतकी वर्षं कीटणाचा टेकू होता तो गेला. सहाव्या आठवड्यात ब्रशवर रक्त दिसेनासं झालं.

याच काळात मॅडमनी विचारलं, ‘साखर? थायरॉईड? तंबाखू, मिश्री? आणि हाडांची गोळी घेता का?’ हाडांची गोळी म्हणजे कॅल्शियमची नव्हे, ठिसूळ हाडांसाठी देतात ती. मला आई आठवली. दर रविवारी उपाशीपोटी पाण्याच्या भरल्या पेल्याबरोबर गोळी घेते आणि मग अर्धा तास आडवं न होता देवघरासमोर बसून राहते. या जातीच्या गोळ्या हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरतात, त्यामुळे दातांची चाल मंदावू शकते. शिवाय दात काढावा लागला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे कालच गोळी बंद केली म्हणून चालत नाही. मी घेत नव्हते. पण आईची दाढ काढायची होती, तिला म्हटलं, ‘तू आधी डॉक्टरांना गोळीचं सांग, आणि मनाने बंद करू नकोस.’ माझं ड जीवनसत्त्व मात्र 11 निघालं. 20च्या खाली म्हणजे कमतरता. आठवड्याला एक असे आठ आठवडे पुड्या घेतल्या.

आता तारांबद्दल. सिरॅमिकच्या घेतल्या, कारण बँकेत काउंटरवर बसते. दातांवर चिकटवलेले तुकडे, म्हणजे ब्रॅकेट, पांढरे राहतात, पण तार बांधणाऱ्या छोट्या रबरांना हळद लागते. आम्ही कोल्हापूरचे. तांबडा रस्सा एकदा झाला की पुढच्या तारखेपर्यंत पिवळे दात घेऊन फिरायचं. मटणाचं हाड, कणीस, पेरू, चिक्की बंद. तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस भाकरीसुद्धा आमटीत कुस्करून. पहिल्या तारा अशा धातूच्या असतात की थंड पाण्याने थोड्या मऊ पडतात, त्यामुळे गार पाण्याच्या चुळेने बरं वाटतं. दुखलं तर पॅरासिटामॉल सांगितली होती, दुसरी काही गोळी मनाने घ्यायची नाही, काहींनी दातांची चाल मंदावते. फटींतून फिरवायचा बारीक ब्रश रोज रात्री, त्याला पर्याय नाही. नवरोबा बाहेरून ‘झोपलीस की काय आत?’ विचारायचे.

आठव्या महिन्यात पुन्हा एक्स-रे. एका वरच्या दाताच्या मुळाचं टोक थोडं बोथट झालेलं दिसलं. तारांच्या दाबाने असं होऊ शकतं, वरच्या पुढच्या दातांत जास्त, आणि झिजलेलं मूळ परत वाढत नाही. मॅडमनी आढेवेढे न घेता दोन्ही एक्स-रे शेजारी लावले आणि तीन महिने दाब थांबवला. तार तशीच, ओढ नाही. मी चिडले होते, कारण भाचीच्या लग्नाआधी तारा निघणार होत्या. लग्नात तारांसकट नाचले. नंतरच्या एक्स-रेत मूळ तेवढंच होतं, म्हणून हलक्या तारेने पुढे सुरू केलं.

आज फट मिटली आहे आणि खोली सगळीकडे तीन-चारच्या आत आहे. दोन दातांच्या मधे हिरडीपाशी छोटा काळा त्रिकोण दिसतो, हाड गेलं तिथे हिरडी परत भरून येत नाही. हे आधी सांगितलं होतं, तरी आरशात पाहून थोडं वाईट वाटतं. खर्च तारांचा 55,000, हिरड्यांचा वेगळा 14,000, आणि दर तीन महिन्यांनी सफाई चालूच आहे.

अजून चारेक महिने. त्यानंतर दातांच्या मागून पक्की तार आणि रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा. माझ्यासारख्या कमी हाडाला तो कायमचाच. त्याची डबी आत्ताच आणली, तर हुबेहूब आईच्या कवळीच्या डबीसारखी निघाली. आईने तिच्या डबीवर लाल दोरा बांधून ठेवलाय.