स्ट्रिप-टिल एक हंगाम वापरून: पट्टा जमला, खताची जागा चुकली

पट्टा नांगरणीचं (स्ट्रिप-टिल, म्हणजे सगळं शेत न नांगरता फक्त पेरणीच्या ओळींचे पट्टे मोकळे करणारं) अवजार घेऊन आता नऊ महिने झाले, मक्याचं एक पूर्ण पीक निघालं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आधी कसं चालतं ते सांगतो. पुढची चकती काडीकचरा कापते, तिच्या मागची चाकं तो बाजूला सारतात, मग फण १५ ते २० सेंमी खोल जातो आणि साधारण २० सेंमी रुंदीचा पट्टा मोकळा करतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर ७५ सेंमी, म्हणजे जवळपास पाऊण जमिनीला हातच लागत नाही, धसकटं आणि काडी तिथेच राहते. पट्टा उघडा असल्याने लवकर तापतो, उगवण लवकर होते आणि मधल्या काडीखाली ओल टिकते, हे मी स्वतः माती उकरून बघितलं, ओळीच्या मधली माती कितीतरी दिवस ओलसर होती.

पण खरं सांगायचं तर मी अवजारासाठी नाही, खतासाठी याच्यात पडलो. स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जवळजवळ हलतच नाही, वर फेकलं की वरच्या थरातच बसतं आणि वरचा थर वाळला की मुळांना मिळत नाही. फणाच्या मागून ते १२-१५ सेंमी खोल पट्ट्यात टाकलं की मुळं थेट त्याच्यावर जातात. माझ्याकडे दरवर्षी सुरुवातीला स्फुरद कमी पडून पानं जांभळी पडायची, यावेळी जवळपास दिसलीच नाहीत.

आता चूक सांगतो, कारण ही कोणी करू नये असं मनापासून वाटतं. एका तुकड्यात पट्टा पाडताना डीएपीसोबत (स्फुरद जास्त असलेलं खत) युरियाही दिला आणि चारच दिवसांत पेरणी केली. पट्टा नीट बसलेला नव्हता, त्यात बी ठरवल्यापेक्षा खोल गेलं, खताच्या अगदी जवळ. युरियातून अमोनिया सुटतो, खताचा क्षारही असतोच, कोवळी मुळं करपली आणि ओळीत हात-हात भर खांडण्या (रिकाम्या जागा) पडल्या. बाकीच्या शेतात पट्टा तीन आठवडे आधी पाडला होता, तिथे काहीच त्रास नाही. खत आणि बी यांच्यात निदान ५ सेंमी माती हवीच, आणि नत्राचा (नायट्रोजनचा, जसा युरिया) मोठा हप्ता पट्ट्यात नको.

दुसरं म्हणजे वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही नि फार कोरडीही नाही अशी अवस्था. घाई करून ओल्यात चालवलं तिथे फणाने बाजूच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत केल्या, ढेकळं निघाली, खाली पोकळ्या राहिल्या, आणि मुळं त्या भिंतीलाच अडून आडवी गेली. मूठभर माती दाबून सोडली की फुटली पाहिजे, नाहीतर थांबा, मग पेरणी दोन दिवस उशिरा झाली तरी चालेल.

नत्राचं गणित काडीमुळे बदलतं. मक्याच्या ताटात कर्ब (कार्बन) नत्राच्या साधारण ६० पट असतो, जिवाणूंना लागतो २५ पटीच्या आसपास, म्हणून काडी कुजवताना ते जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक गुडघ्याएवढं होईपर्यंत फिकट दिसतं. शिवाय काडीवर युरिया नुसता फेकला तर बराचसा हवेत जातो. मी पेरताना थोडं नत्र बाजूने दिलं, आणि उरलेलं सहा पानांवर नि तुरा यायच्या आधी असं दोनदा मातीआड केलं, तिथून मका जो काळाभोर झाला तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

माती परीक्षणाचं कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नमुने पट्ट्यातूनच घेतले तर स्फुरद भरपूर दिसेल, फक्त मधून घेतले तर कमी. ७५ सेंमी अंतराला पट्ट्यातल्या एका नमुन्यामागे बाहेरचे सुमारे २० घ्यायचे. मी आधी हे पाळलं नाही, आलेला अहवाल बाजूला ठेवला आणि परत नमुने काढले.

पेरणी यंत्र पट्ट्यावरच चालणं सगळ्यात अवघड, दहा सेंमी सरकलं की सगळं वाया. आरटीके जीपीएस (दोन-तीन सेंमीपर्यंत अचूक जागा दाखवणारं) असेल तर उत्तम, माझ्याकडे नाही, म्हणून खुणेच्या रेघेवर सावकाश चालवतो. पुढच्या हंगामात त्याच जागी पट्टा पाडायचा की दोन ओळींच्या मधे, हे अजून ठरत नाहीये, नवीन नमुने आले की ठरवीन.