टी १.५ घेतल्या, चालवतोय टी २.८ वर : दोन सिने लेन्स, आठ महिने

मागच्या दिवाळीनंतर ३५ आणि ८५ मिमीची टी १.५ सिने लेन्सची जोडी सेकंडहँड घेतली. मॅन्युअल फोकस, फुल फ्रेम. टी म्हणजे लेन्स किती प्रकाश आत सोडते त्याचं माप, आकडा लहान तितका प्रकाश जास्त. हिशोब सरळ होता : लेन्स जितकी उघडी, तितके दिवे कमी, म्हणजे जनरेटरचं भाडं वाचलं. आमचं बरंचसं काम रात्रीचं. कोल्हापुरातल्या एका तालमीच्या मर्दानी खेळावर शॉर्टफिल्म चालू होती, मधूनमधून मारामारीच्या सीनचं सेकंड युनिटही (मुख्य टीमपासून वेगळं शूटिंग) करतो. कॅमेरा सोनी एफएक्स ३. आठ महिन्यांनी सांगतो, तो हिशोब चुकला. लेन्स मात्र विकणार नाही.

पहिल्याच रात्री ८५ लावली, पूर्ण उघडी. तीन मीटरवरच्या माणसाला या लेन्सवर टी १.५ ला फोकसची खोली, म्हणजे माणूस स्पष्ट दिसेल तो पुढचामागचा पट्टा, मिळते साधारण ११ सेंटिमीटर. दांडपट्टा फिरवणारा गडी एका गिरकीत चार फूट सरकतो. फोकस पुलर, म्हणजे फोकस धरणारा माणूस, घामाघूम. जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, त्या पोरांच्या पायांनी दुसऱ्या टेकलाच पुसल्या. चौदाव्या टेकनंतर वस्ताद जवळ आले आणि म्हणाले, "पोरांचं काय चुकतंय ते सांगा, सुधारून घेतो." पोरांचं काहीच चुकत नव्हतं. काय उत्तर द्यावं कळेना, चहा मागवला.

त्यानंतर अ‍ॅक्शनला ३५ आणि टी २.८ हेच ठरलं. तेवढ्याच अंतरावर आता जवळपास सव्वा मीटर खोली मिळते, माणूस पुढेमागे झाला तरी धरता येतो. किंमत मोजावी लागतेच : टी १.५ वरून टी २.८ वर आलं की साडेतीनपट प्रकाश हवा. म्हणजे जे वाचवायला निघालो होतो तेच परत दारात. शेवटी ३०० वॉटचा एक एलईडी विकत घेतला.

खरं शिकलो ते या दिव्याकडून. सुरुवातीला तो तीन मीटरवर, स्किमर (उजेड मऊ करणारं पातळ कापड) लावून. मॉनिटरवर चेहरे मस्त. पण खेळणारा दीड मीटर दिव्याकडे सरकला की उजेड चौपट, सरळ दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), गाल पांढरे फट्ट. मग लाइटमनने दिवा समोरच्या घराच्या गच्चीवर चढवला, नऊ मीटर लांब, खेळणाऱ्यांच्या पाठीमागून, स्किमर काढून. आता तोच माणूस दीड मीटर सरकला तरी फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा. तीन मीटरच्या मानाने उजेड नववा हिस्साच उरतो हे खरं, पण तिथे कॅमेऱ्याचा १२८०० चा दुसरा बेस आयएसओ (कमी उजेडासाठीची मूळ संवेदनशीलता) कामाला आला. समोरून उजेड परतवायला एक थर्माकोल, बास. पाठीमागच्या उजेडात पट्ट्याचं पातं फिरताना लखलखतं, खांद्यावरचा घाम दिसतो, आणि पायांनी उडालेली माती अशी उजळते की भाड्याने आणलेलं धुराचं मशीन टेम्पोतून उतरवलंच नाही. जमीन कोरडी काळी दिसत होती तिथे दोन बादल्या पाणी शिंपडलं. जास्त शिंपडू नका, पाय घसरतो आणि हातात पातं असतं.

रंगाचं म्हणाल तर मशाली होत्या, म्हणून व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते) ४३०० केल्विनला ठेवला. मशाल केशरीच राहते आणि ५६०० चा दिवा किंचित निळसर, चांदण्यासारखा. ३२०० ला ठेवून पाहिलं, जत्रेतलं भुताचं नाटक वाटलं.

शटरवर मात्र अजून आमच्यात भांडण आहे. सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० सेकंद ठेवलं की पात्याचा नुसता पंखा दिसतो. मला १/१०० आवडतं, वार तुटक आणि टोचणारा वाटतो, एक स्टॉप जातो तो जाऊ दे. स्लो मोशनला १०० फ्रेम, १/२०० केलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे फ्रेममध्ये धडधडायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदावतात, त्यामुळे १/५० आणि १/१०० हेच निर्धोक. आता स्लो मोशन ५० फ्रेमवरच. त्याहून जास्त हवं असेल तर रस्त्यावरचा दिवा फ्रेममध्ये घेत नाही.

मग या लेन्समध्ये ठेवण्यासारखं काय? फोकस रिंगचा लांब फेर. फोटोच्या लेन्सवर नखभर फिरवलं की विषय हातचा जातो, इथे पुलरला अंदाज घ्यायला जागा मिळते. दोन्हींच्या रिंगवरचे गिअर एकाच जागी, लेन्स बदलताना रिंग फिरवणारी मोटर हलवावी लागत नाही. मशाल थेट लेन्समध्ये आली की ३५ मध्ये एक उबदार धूसरपणा पसरतो. काहींना तो दोष वाटेल, मी त्यासाठी मुद्दाम मशाल फ्रेमच्या कडेला धरायला लावतो.

तक्रारीही आहेत. ८५ ची रिंग जानेवारीतल्या पहाटे जड झाली, मोटर अडकून कॅलिब्रेशन (मोटर आणि रिंगचा जुळवलेला मेळ) सुटलं. पूर्ण उघडी असताना चमकत्या पात्याच्या कडेला जांभळी रेघ येते, टी २ ला ती जवळजवळ जाते. आणि जूनमध्ये ३५ च्या मागच्या काचेवर बुरशीचा बारीक ठिपका दिसला. चूक माझी, ओल्या बॅगेत दोन दिवस तशीच पडली होती. सफाईला गेलेले पैसे आधीच हवाबंद डब्यात आणि सिलिका जेलमध्ये घातले असते तर बरं झालं असतं.

टी १.५ अगदीच वाया गेलं नाही. वस्ताद खेळाआधी शस्त्रांपुढे हात जोडून उभे राहतात, हलत नाहीत. तो एक शॉट ८५ वर, पूर्ण उघडी, एकाच मशालीच्या उजेडात घेतला. पण असा शॉट एका रात्रीत एखादाच असतो, तेव्हा घेणार असाल तर ३५ विकत घ्या आणि ८५ त्या दिवसापुरती भाड्याने आणा.