शिकारीचं मांस: गोठवायचं की सुकवायचं?

परवान्यावर पहिलंच हरीण मिळालेल्या मित्राला पडलेला हा पेच.

गोठवण्यात मेहनत कमी. हवा राहणार नाही असं घट्ट गुंडाळून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवलं की कित्येक महिने बघायला नको. फक्त वीज गेली की जीव टांगणीला.

सुकवण्यात अख्खा दिवस मोडतो. चरबी खरवडून काढा (तीच आधी खवट होते), पातळ पट्ट्या कापा, ७१ अंशांपर्यंत तापवा, मग वाळवा. पट्टी वाकवल्यावर तडकावी, तुकडा पडू नये. वजन मात्र निम्म्याहून कमी होतं. रानडुकराच्या बाबतीत नुसत्या वाळवण्यावर विसंबू नका. कृमी तेवढ्याने मरत नाहीत.

घरी शिजवायला, शेजारी वाटे द्यायला गोठवलेलं बरं. लांबच्या नातेवाइकांना पाठवायचं तर सुकवलेलंच.