ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला : ओव्हरहॉल, जुना गिअरबॉक्स की गाडीच बदलायची?

गेल्या मे महिन्यात नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर माझी गाडी ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, आरपीएमचा काटा चार हजारांवर जायचा आणि गाडी तीसच्या वर सरकायची नाही. बाहेर ४५ अंश. माझ्या डाव्या पायात लहानपणच्या पोलिओची कमजोरी आहे. क्लचचं पेडल नसलेली गाडी ही माझ्यासाठी चैन नाही. ती नसली की माझं ऑफिस, आईचा दवाखाना, सगळं दुसऱ्याच्या सवडीवर जातं.

गाडी २०१३ ची, पेट्रोल, १,०५,००० किलोमीटर चाललेली, चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) ऑटोमॅटिक. पुढचा दीड महिना मी दुरुस्तीचे पर्याय तोलण्यात घालवला. खालचे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमचे वेगळे येतील. हिशोब मांडायची रीत मात्र कामी पडेल.

आधी खात्री करा, गिअरबॉक्सच गेलाय का

ओव्हरहॉलचा, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण खोलून झिजलेले भाग बदलण्याचा, आकडा ऐकून लोक थेट गाडी विकायच्या गोष्टी करू लागतात. त्याआधी दोन-तीन हजार खर्चून नीट तपासणी करून घ्या. गिअर टाकताना बसणारा धक्का पुष्कळदा तुटलेल्या इंजिन माउंटिंगचा असतो. एकाच ठरावीक गिअरला झटका असेल तर एखादा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी विजेची झडप) किंवा वॉल्व्ह बॉडीतली (तेलाच्या वाटा असलेल्या भागातली) घाण कारण असू शकते, आणि ते काम अनेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली न उतरवता होतं. म्हणून गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावायला सांगा आणि दोषांचे कोड लिहून घ्या. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी ०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) लागत नाही. कोडवरून दिशा कळते. ‘गिअरबॉक्स खोला’ असा हुकूम काही तो देत नाही.

गाडी कधी त्रास देते, हे आपल्या हवेत फार नीट कळतं. जानेवारीच्या थंड सकाळी डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, पण गाडी तापली की सगळं सुरळीत, असं असेल तर आतली रबरी सीलं वयाने कडक झालेली असण्याची शक्यता मोठी. उलट सकाळी ठीक आणि मेच्या दुपारी सिग्नलवर थांबत थांबत गेल्यावर घसरते, तर तेल तापून पातळ झाल्यावर दाब टिकत नाही, म्हणजे पंप, सील किंवा क्लच प्लेट (पेडल नसलं तरी ऑटोमॅटिकच्या आत गिअर धरणाऱ्या चकत्या असतात) झिजल्यात. माझी दुसऱ्या प्रकारातली होती.

मग तेल. चांगलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बहुतेक गाड्यांत लालसर, पारदर्शक असतं. काळपट आणि जळका वास येणारं असेल तर क्लच प्लेटचं अस्तर जळलंय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी तेलात मिसळलंय. पाण्याने अस्तराचा गोंद सुटतो, तेव्हा अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. क्षार साचतात, कूलर तेल थंड करू शकत नाही, आणि ऑटोमॅटिकला उष्णतेएवढं दुसरं काही मारत नाही.

एका गॅरेजने मला तेल बदलून दिलं, साडेसहा हजार घेतले आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच घसरू लागली. चेंबर (गिअरबॉक्सखालची तेलाची परात) काढून तेल सोडलं तर निम्म्याहून कमीच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. आणि झिजलेली प्लेट नव्या तेलाने भरून येत नाही. तेल वेळेवर बदलणं ही काळजी झाली, बसलेल्या गिअरबॉक्सवरचा तो इलाज नव्हे.

ओव्हरहॉल की जुना गिअरबॉक्स

माझ्या हातात दोन अंदाज होते. ओव्हरहॉल ९२,००० रुपये, तीन आठवडे, सहा महिन्यांची लेखी हमी. जुना गिअरबॉक्स बसवून ४८,०००, पाच दिवस, एक महिन्याची तोंडी हमी. आकड्यांकडे पाहून दुसराच पर्याय शहाणपणाचा वाटतो. मलाही दोन दिवस वाटला.

जुने गिअरबॉक्स बहुधा दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून येतात आणि ट्रान्सपोर्टने नागपूरजवळच्या वाडीला उतरतात. ते ठोकलेल्या नाहीतर मुदत संपलेल्या गाड्यांतून काढलेले असतात. ठोकलेल्या गाडीतला मिळाला तर तो चालू अवस्थेतला असण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण तो किती किलोमीटर चाललाय हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि त्यातली सीलं तुमच्या गाडीतल्या सीलांएवढीच म्हातारी असतात. मॉडेल तेच पण वर्ष वेगळं असेल तर सोलेनॉइडचा कनेक्टर किंवा कंट्रोल युनिट जुळत नाही. सगळ्यात दुखणारी बाब मजुरीची. बसवल्यावर तो नीट चालला नाही, तर पुन्हा उतरवायचे-चढवायचे पैसे बहुधा तुमचेच जातात.

ओव्हरहॉलमध्ये आत काय पडलंय हे तुम्हाला दिसतं. क्लच प्लेटा, सीलं, गॅस्केट, फिल्टर, बुश नवे, पंप आणि वॉल्व्ह बॉडी तपासून साफ. पण हे काम अर्धवट करणारेही खूप आहेत. विचारायचा पहिला प्रश्न हा : टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार? तो बंद डबा असतो आणि जुन्या प्लेटांचा सगळा भुगा त्याच्यात साचलेला असतो. नुसता धुऊन परत बसवला तर तोच भुगा नव्या प्लेटांत शिरतो. तो कापून, आतून दुरुस्त करून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करावा लागतो किंवा नवा घ्यावा लागतो. दुसरा प्रश्न कूलर आणि त्याच्या नळ्यांचा, कारण त्यांतही भुगा असतो. ‘त्याची गरज नसते’ असं ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून मी उठून आले.

ज्यांना काम दिलं ते कामठी रोडकडचे मिस्त्री. ते म्हणाले, “ताई, कन्व्हर्टर मी इथे खोलत नाही, पुण्याला पाठवतो. त्याचेच सोळा हजार हायेत. ते वाचवायचे असतील तर माझ्याकडे काम देऊ नका.” माझा निर्णय तिथेच झाला.

कंपनीकडून नवा गिअरबॉक्स हा पर्याय बारा वर्षांच्या गाडीला परवडत नाही. मला सांगितलेली किंमत चालू स्थितीतल्या गाडीपेक्षा जास्त होती.

ओव्हरहॉल की दुसरी गाडी

इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो, आमच्या घरातही चुकला. दादाचं म्हणणं, “अडीच लाखांच्या गाडीवर लाख रुपये कोण घालतं?” पण बाजारातली किंमत गाडी विकतानाच कामाची, मला तर रोज चालणारी गाडी हवी. खरी तुलना पुढच्या चार वर्षांच्या खर्चाची करायला हवी.

तशीच बसलेली गाडी विकली तर मला ९०,००० मिळत होते. चांगली सेकंडहँड ऑटोमॅटिक ५,२५,००० ला. म्हणजे खिशातून ४,३५,०००. चार वर्षांनी ती पावणेतीन लाखांना जाईल असं धरलं, तर चार वर्षांचा खर्च १,६०,०००. इकडे ओव्हरहॉलचे ९२,००० आणि टायर, सस्पेन्शनचे ४०,००० मिळून १,३२,०००. चार वर्षांनी गाडीचे ७५,००० आले तर खर्च ५७,०००.

म्हणजे फरक साधारण लाखाचा निघतो, सुरुवातीला वाटतो तसा तीन लाखांचा नाही. आणि ओव्हरहॉल फसलं तर तो लाख गेलाच म्हणून समजा. त्यामुळे गाडी उघडणाऱ्या माणसावर तुमचा किती भरवसा आहे, यावर सगळा निकाल ठरतो. भरवशाचा माणूस सापडत नसेल तर मी गाडी विकायला सांगेन, आणि घेणाऱ्याला गिअरबॉक्सचं खरं सांगूनच.

इंजिन तेल पीत असेल, खालचा पत्रा गंजला असेल किंवा एसी, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळंच एकदम खर्च मागत असेल, तर भरवशाचा माणूस असूनही ओव्हरहॉल करू नका. नोंदणीची तारीख पाहा. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीत घातली गेली तशी पंधरा वर्षांनंतरची बंदी नागपुरात नाही, त्यामुळे एमएच ३१ किंवा ४९ ची जुनी पेट्रोल गाडी केवळ वयामुळे टाकायचं कारण नाही.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचं. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, स्टीलचा पट्टा आणि पुली असतात. पुलीवर चरे पडले की नुसती सीलं-गॅस्केटं बदलून भागत नाही, तिथे खात्रीचा जुना गिअरबॉक्स किंवा विक्री यांचं पारडं जड होतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स आहे, वर क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा ॲक्चुएटर. त्याची दुरुस्ती बहुतेकदा क्लच प्लेट किंवा ॲक्चुएटरपुरतीच असते, बिनदिक्कत करून घ्या. दोन क्लचच्या ‘ड्युअल क्लच’ ऑटोमॅटिकमध्ये दोष मेकॅट्रॉनिक युनिटमध्ये (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात) आहे की क्लचमध्ये, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

काम द्यायच्या आधी अंदाज लेखी घ्या, जुने पार्ट परत मागा, एटीएफ नेमकं कोणत्या स्पेसिफिकेशनचं टाकणार ते बिलावर लिहून घ्या. गाडी गॅरेजला नेतानाही जपा. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक क्रेनने मागची बाजू उचलून, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून नेऊ देऊ नका. इंजिन बंद असतं तेव्हा पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स तेलाशिवाय घासत जातो. पूर्ण गाडी वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा.

जूनअखेरीस गाडी हातात आली. रेडिएटर बदलून घेतला आणि तेलासाठी वेगळा छोटा कूलर लावला, त्याचे पैसे वेगळे. ऑगस्टमध्ये हजार किलोमीटर झाल्यावर पहिलं तेल बदलायला गेले. मिस्त्रींनी चेंबर उघडलं, त्यातलं चुंबक काढून माझ्यासमोर धरलं. मे महिन्यात त्यावर चकाकणारे कण होते, बोटाला टोचणारे. आता राखेसारखा बारीक काळा गाळ होता, नव्या प्लेटा बसताना निघतो तेवढाच. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळून दाखवला आणि पुसून टाकला.