नॉर्वेचं चांदीचं पान : आठ महिने वापरून

काल ऑस्लोत ट्राममधून उतरताना पान शालीवरून तिसऱ्यांदा गळून पडलं, म्हणून हे लिहितेय.

पान म्हणजे जुना ब्रोच. चांदीवर निळा मीना, मागे ‘925S’ आणि ‘नॉर्वे स्टर्लिंग’ हे ठसे (म्हणजे 92.5 टक्के चांदी). जुन्या बाजारात 400 क्रोनरला मिळालं. डेव्हिड-अँडरसन या 1876 पासूनच्या चांदीकाम करणाऱ्या घराण्याचा ठसा असता, तर विकणाऱ्या बाईंनी या किमतीत हातसुद्धा लावू दिला नसता.

कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. मीना पारदर्शक आहे, आणि त्याखाली चांदीवर यंत्राने कोरलेल्या बारीक नागमोडी रेघा (याला गियोशे म्हणतात). उजेड त्या रेघांवर आपटून परत येतो, त्यामुळे जरा वळलं की निळा रंग पाण्यासारखा हलतो. डिसेंबरात इथे साडेतीनला अंधारतं, तेव्हा दुकानांच्या दिव्यांत हे पान बघावं.

पण मागचा, पिन अडकवायचा आकडा! इतका ढिला की पिन आपोआप सुटते. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा टोकाला मीन्याचा टवका उडाला. आकडा बदलायचे एका सोनाराने 900 क्रोनर सांगितले. पानाच्या दुपटीहून जास्त! परदेशी बघून लुबाडतोय, असं म्हणून तणतणत बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी शांतपणे समजावलं. मीना म्हणजे काच, साधारण 800 अंशांवर भाजलेली. मागे झाळायला ज्योत लावली की पुढे ती तडकणार. म्हणून लेझरने टिपक्याएवढ्या जागेतच जोडावं लागतं, आणि त्याचेच पैसे. म्हणजे पहिला सोनार खोटं बोलत नव्हता. तरीही 900 मी देणार नाही.

आई फोनवर म्हणाली, चिंच लाव, देवाच्या भांड्यांसारखं लख्ख होईल. अजिबात लावू नका. आंबटाने मीन्याची चकाकी जाऊ शकते. मऊ कापड पुरे. पैठणीलाही टोचू नका, पिन जाड आहे, भोक राहतं. लोकरीच्या शालीला उत्तम.

आकड्यावर माझा उपाय : कानातल्याची सिलिकॉनची फिरकी पिनच्या टोकाला बसवायची. पाच महिने पान जागचं हललं नाही. काल नेमकी ती फिरकी झुमक्याला लावली होती.