मे महिन्याची सुट्टी: त्रिंकोमाली की दा नांग?

घरात एकाला समुद्राकाठी नुसतं लोळायचं असतं आणि दुसऱ्याला पासपोर्टवर नवा शिक्का हवा असतो. ‘एक वर्ष तुझं, एक वर्ष माझं’ हा तोडगा मला पटत नाही. दर वर्षी कुणीतरी तोंड पाडून हिंडतंच. त्यापेक्षा जिथे किनाऱ्यावर मुक्काम ठेवून देशही बघता येतो, अशी जागा निवडावी. मे महिन्यात आपल्या खिशाला आणि अंतराला झेपणाऱ्या अशा दोन जागा म्हणजे श्रीलंकेचा पूर्व किनारा आणि व्हिएतनाममधलं दा नांग.

‘पूर्व’ हे मुद्दाम म्हटलं. श्रीलंका म्हटलं की मिरिसा, उनावटुना, बेंटोटाचे फोटो समोर येतात. पण हा नैऋत्य किनारा आणि मेमध्ये तिथे पाऊस सुरू होतो. समुद्र खवळतो, मुलं हॉटेलच्या खोलीत अडकतात. त्याच दिवसांत पलीकडे त्रिंकोमालीजवळचं निलावेली आणि त्याच्या दक्षिणेचं पासीकुडा कोरडं, शांत असतं. पासीकुड्याला तर बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच, त्यामुळे लहान मुलं असतील तर डोळे झाकून तिथेच जा.

अडचण रस्त्याची. मुंबईहून कोलंबो अडीचेक तासांत येतं, पण विमानतळापासून पूर्व किनारा गाडीने सहा-सात तास. म्हणून वाटेत सिगिरियाला दोन रात्री थांबायचं. पाचव्या शतकातला कश्यप राजाचा तो खडकावरचा किल्ला, सुमारे 1,200 पायऱ्या. सकाळी लवकर चढायला लागा, नाहीतर ऊन चढू देत नाही. तिथून निलावेली शंभरेक किलोमीटर. आजी-आजोबा पायऱ्या चढणार नसतील, तर त्रिंकोमालीत समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कोनेश्वराचं देऊळ आहे, त्यांची सहल तिथे वसूल होते.

दा नांगचं गणित उलटं. जाणं लांबचं, बहुतेकदा वाटेत विमान बदलावं लागतं. पण उतरल्यावर ‘मी खे’ नावाचा किनारा पंधरा-वीस मिनिटांवर, आणि सगळं बघणं त्याच्या आसपास: होई आन हे जुनं गाव साधारण 30 किलोमीटर, तिथून चाळीसेक किलोमीटरवर ‘मी सन’. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची ही शिवमंदिरं. 2020 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या चमूला तिथे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. बॅगा एकदाच उघडायच्या, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. उकाडा मात्र भयंकर. स्थानिक लोक उजाडताच पोहून घेतात आणि दुपारी किनारा ओस पडतो, तसंच करावं.

जेवणाचं दोन्हीकडे जपून. श्रीलंकेत डाळ, भात, इडिअप्पम (तांदळाच्या शेवया) ओळखीचं वाटतं, पण सांबोल म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत आणि भाज्यांतही सुकी मासळी कुटून घालतात, विचारल्याशिवाय शाकाहारी समजू नका. व्हिएतनाममध्ये मासळीचा सॉस जवळपास सगळ्यातच. शाकाहारी खानावळी मात्र बऱ्याच, बौद्ध परंपरेमुळे.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला 25 डॉलर. श्रीलंकेचे नियम अधूनमधून बदलतात, तिकिटाआधी त्यांचं सरकारी संकेतस्थळ बघा.

मुलं दहाच्या आतली किंवा सोबत वडीलधारी असतील तर मी श्रीलंकेचा पूर्व किनारा निवडेन; मुलं मोठी असतील आणि ‘अगदी वेगळा देश’ हवा असेल तर दा नांग.

दिवाळीच्या सुट्टीसाठी हेच बेत उचलू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरतं, श्रीलंकेतही तेव्हा पाऊस असतो. त्या दिवसांत आपली तारकर्ली बरी: मालवणातून होडीने सिंधुदुर्ग, आणि व्हिसाही नको. नाताळात जायचं तर श्रीलंकाच, पण तेव्हा किनारा बदला: गॉलच्या किल्ल्यापासून रिक्षाने काही मिनिटांत उनावटुना.